बाळंतपणापलीकडची बाई आणि सरकारी दवाखाना

(ऊसतोडणीचा हंगाम संपवून परतलेल्या बायकांचा आरोग्य-मेळावा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाला. आशा, अंगणवाडी कार्यकर्त्या आणि उपकेंद्रांतल्या परिचारिकाही हजर होत्या. त्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

पाडवा झाला, कारखान्यांची धुराडी थंडावली आणि तुम्ही सहा महिन्यांनी आपापल्या घरांची कुलपं उघडलीत. घरात उंदरांनी काय काय कुरतडलंय ते बघायचं, जमीन सारवायची, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची, पोरांची शाळेतली नावं कापली गेली की राहिली ते पाहायचं. एवढी सगळी कामं असताना दिवस मोडून तुम्ही आलात. म्हणून गोडगोड बोलण्यात तुमचा वेळ घालवणार नाही. आजचा विषय सगळ्यांना माहीत आहे आणि चारचौघांत कुणी त्याचं नाव काढत नाही. विषय आहे पिशवीचा.

ज्यांची पिशवी काढलीय त्यांनी हात वर करा, असं मी सांगणार नाही. त्याची मोजदाद झालेली आहे. २०१९ साली वर्तमानपत्रांत बीडच्या बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. तेव्हा आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ दवाखान्यांत मिळून ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्याच्या माणसांनी घरोघर जाऊन ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ सालच्या, १५ ते ४९ वयाच्या बायकांत साऱ्या देशाचं हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे हे खरं, पण शंभरात तीन कुठे आणि शंभरात सोळा-सतरा कुठे!

बायका वेड्या नव्हत्या

या बातम्या आल्या तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं मला विचारायची, ‘अहो, पाळी नको म्हणून पिशवीच काढून टाकतात? इतक्या कशा अडाणी या बायका?’ त्यांना मी सांगायचे, या बायकांचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे. फक्त तो हिशेब ज्या फळ्यावर मांडलाय तो फळाच वाकडा आहे.

तो फळा कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको, पण इथल्या कर्मचारी मैत्रिणींसाठी आणि पुढे हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम त्या कोयत्याला दसऱ्याच्या आधी उचल देतो. ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायच्या, अंधारात फडात उतरायचं. नवरा तोडणार, बायको पाचट काढणार, मोळी बांधणार, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणार. मोळी तीस-चाळीस किलोची. गाडी रात्री भरायची असली तर रात्री. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. खाड्यापोटी कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त रुपये उचलीत चढतात, असं तुम्हीच सांगता. आजारपणाचा खाडा, पाळीचा खाडा, पोराला ताप आला त्याचाही खाडा.

राहायला कोपी. तिला दार नाही, मोरी नाही, संडास नाही. पाण्याला लांब जायचं. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन मिळेल अशी जागा नाही. ओलं कापड तसंच वापरायचं. शिवाय उजाडायच्या आधी बाहेरचं उरकून घेतलं की दिवसभर लघवी दाबून धरायची, आणि लघवी होऊ नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. यातून अंगावरून पांढरं जाणं, खाज, जळजळ, ओटीपोटात कळ, कंबरदुखी हे सगळं येणारच. त्यात नवल कसलं?

याची सुरुवात आणखी आधी होते. पोर एकटी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने लग्न लवकर. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, म्हणूनही लवकर. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात त्रेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. महाराष्ट्राचा आकडा बावीसच्या आसपास आहे. सतराव्या वर्षी पहिलं मूल, विशीत दोन-तीन, बाविशी-तेविशीत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, आणि तिशीच्या आसपास पिशवी. तिशीत बाईला वाटतं, पोरं झाली, ऑपरेशन झालं, आता या पिशवीचा उपयोग काय? नुसता त्रास. डॉक्टरनेही तेच सांगितलं की तिचा निर्णय होऊन जातो.

तेव्हा पाळी आणि खाडा हे कारण खरं आहे, पण ते अर्धंच आहे. पुष्कळ बायका मला सांगतात, ‘पाळीसाठी नाही हो ताई, दुखत होतं म्हणून गेले होते.’ ती गेली होती दुखण्यावर उपाय मागायला. तिच्या हाती ऑपरेशन पडलं. असं का झालं? दुखणं घेऊन ती आधी कुठे जाऊ शकत होती, आणि तिथे तिला काय मिळालं असतं? आज मला याबद्दल बोलायचं आहे.

गडचिरोलीने दाखवलेली गोष्ट

ही गोष्ट नवी नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापला. त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली होती. दवाखान्यात आलेल्या आजारी बायका निवडल्या नव्हत्या, गावातल्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून जास्त आजार. आणि यापूर्वी ज्यांची अशी आतली तपासणी कधी झाली होती, अशा बायका होत्या शंभरात फक्त आठ.

आणखी एक गोष्ट ऐका. त्यातल्या शंभरात जवळजवळ पंचेचाळीस जणींनी मला काहीच त्रास नाही असं सांगितलं होतं. त्यांच्यातही आजार निघाले. त्या खोटं बोलत नव्हत्या. आईचं असंच होतं, सासूचं असंच आहे, जावेचंही असंच, मग याला त्रास कशाला म्हणायचं? बाईच्या जातीला हे असायचंच, असं आपण धरून चाललो.

हा अभ्यास जगभर वाचला गेला. १९९४ साली कैरोला लोकसंख्येवर मोठी परिषद झाली, तिथे मान्य झालं की बाईकडे फक्त मुलांची संख्या कमी करायचं साधन म्हणून बघणं बंद करायला हवं, तिच्या साऱ्या प्रजनन-आरोग्याची काळजी घ्यायला हवी. आपल्या सरकारने १९९६ साली कुटुंबनियोजनाची वरून लादलेली टार्गेटं काढली आणि १९९७ साली प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जननमार्गाच्या जंतुसंसर्गावर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार मिळतील, हे त्या कार्यक्रमात लिहिलेलं आहे. लिहून पाव शतकाहून जास्त काळ लोटला.

दार कशासाठी उघडतं?

आता सरकारी दवाखान्याबद्दल बोलू. मी सरकारी दवाखान्याची शत्रू नाही. उलट गरिबाला तोच एक आधार आहे असं मी मानते. आणि तिथे काही कामं फार चांगली झालीत. २००५-०६ साली देशात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ला ती ८८च्या वर गेली. २०११ सालापासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सारं सरकारी दवाखान्यात मोफत असल्याचा हक्क आहे. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं. देशात लाख जन्मांमागे ९७ माता आणि महाराष्ट्रात ३३, असा २०१८ ते २०चा आकडा आहे. इथे बसलेल्या आशाताई मध्यरात्री गाडीला फोन करकरून बाईला घेऊन जातात, म्हणून हे झालं. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा.

आता त्याच २०१९-२१च्या पाहणीतला दुसरा आकडा ऐका. ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका किती? शंभरात दोनसुद्धा नाहीत. १.९.

बाळंतपणाला ८८ आणि तपासणीला दोन. बाई तीच, दवाखानाही तोच. मग दवाखान्याचं दार तिच्यासाठी कधी उघडतं? ती पोटुशी असली तर, तिचं मूल डोस घ्यायच्या वयाचं असलं तर, नाहीतर ती कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायला तयार असली तर. ते ऑपरेशनही बाईचंच बरं का! देशात लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरात ३८ जणींचं ऑपरेशन झालंय, आणि नवऱ्यांच्या नसबंदीचा आकडा शंभरात अर्ध्याच्याही खाली आहे. एकदा तिचं ऑपरेशन झालं की सरकारी रजिस्टरांतून ती बाई जवळजवळ पुसली जाते. तिच्या नावापुढे भरायला कॉलमच उरत नाही.

सिस्टर, मान हलवताय, तुम्हाला माहीत आहे. पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे कागदावरचं माप. अहवाल लसीकरणाचा, गरोदर मातांच्या नोंदणीचा, बाळंतपणांचा. आशाताईंचा मोबदला कामागणिक, आणि त्यातली मोठी कामं बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन. अंगावरून जातंय अशी तक्रार सांगणाऱ्या बाईला तीन वेळा भेटून तिच्या गोळ्या पुऱ्या करून घेतल्या, तर त्यासाठी कुठल्या बैठकीत तुम्हाला शाबासकी मिळते? आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटले तरी बहुधा पुरुष. तपासायला आडोसा नाही, टेबल आहे तर उजेड नाही, बाहेर बाकावर गावातलीच माणसं बसलेली. बाई काय म्हणते? ‘कंबर दुखते.’ डॉक्टर कंबरदुखीची गोळी देतात. तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि दोन रुपयांच्या गोळीवर दोघंही सुटले.

उपाय किती साधा होता

उपाय असतो का? असतो, आणि तो साधा असतो. अंगावरून पांढरं जाण्याचे प्रकार आहेत. पाळीच्या मध्यावर थोडं पातळ, पांढुरकं पाणी जाणं हे रोज लाळ येण्याइतकं साधं आहे, त्याला औषध लागत नाही. दह्याच्या चोथ्यासारखं जातंय आणि खाज सुटलीय, तर ती बुरशी. घाण वास येतोय, हिरवट-पिवळं जातंय, तर जंतू. यांच्यावर गोळ्या आहेत. सरकारी योजनेत त्यांची रंगांची पाकिटं केलेली आहेत. अंगावरून जाण्यासाठी हिरवं पाकीट, ओटीपोटात दुखण्यासाठी पिवळं पाकीट, आणि ही पाकिटं मोफत द्यायची आहेत. काही आजारांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाई बरी होते आणि आठ दिवसांत पुन्हा तिथंच येते. नवऱ्याला कोण सांगणार, हा तुमचा प्रश्न मला कळतो. ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, तेही त्यांच्या कामात धरलेलं आहे.

पाळीत फार रक्त जातं, त्याला गोळ्या आहेत आणि लोहाच्या गोळ्यांची जोड हवी. अंग बाहेर येतं त्याला व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे, दुरुस्तीचं ऑपरेशन आहे. गाठी असल्या तरी प्रत्येक गाठ काढावी लागते असं नाही. लहान, त्रास न देणाऱ्या गाठी नुसत्या लक्ष ठेवून सोडून देता येतात. पिशवी काढणं योग्य ठरतं अशा वेळाही असतात. कॅन्सर असला, रक्तस्राव कशानेच थांबत नसला, गाठी फार मोठ्या असल्या, तर ते ऑपरेशन जीव वाचवतं. ज्यांचं अशा कारणाने झालंय त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नये. आपलं भांडण ऑपरेशनशी नाही. पहिल्या तक्रारीला शेवटचा उपाय दिला जातो, याच्याशी आहे.

आता तीच बाई खाजगी दवाखान्यात गेली की काय होतं ते तुमच्याच तोंडून मी किती वेळा ऐकलंय. तिथे बाईडॉक्टर असते किंवा पडदा तरी असतो, कुणीतरी ‘काय होतंय?’ विचारतं. तेवढ्यानेच बरं वाटतं. मग सोनोग्राफी. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी दिसतं. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी सडलीय’, ‘काढली नाही तर कॅन्सर होईल.’ कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोणती आई दुसरा प्रश्न विचारेल? तिच्या डोळ्यांपुढे लेकरं येतात. पिशवी सडते म्हणजे नक्की काय होतं, ते मला अजून कुठल्या डॉक्टरने समजावून दिलेलं नाही. आणि पांढरं जाण्यातून कॅन्सर होईल की नाही हे सोनोग्राफीत कळतही नाही. त्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करावी लागते. सौम्य व्हिनेगरसारखं पाणी तिथे लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. प्रशिक्षण घेतलेली परिचारिकाही ते करू शकते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असं सरकारच्याच कार्यक्रमात आहे. त्यातला शंभरात दोनचा आकडा मघाशी सांगितला.

ऑपरेशनचे पैसे कुठून येतात? मुकादमाकडून. पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतली जाते. म्हणजे तोडणीने दुखणं दिलं, दुखण्याने ऑपरेशन दिलं, आणि ऑपरेशनने पुढच्या वर्षीची तोडणी गळ्यात बांधली. विश्रांती सांगितलेली असते, पण हंगाम लागला की बाई मोळी उचलते.

आणि ‘कटकट मिटली’ असं वाटतं, ती मिटते का? योनिमार्ग जागेवरच असतो, तिथला जंतुसंसर्ग पुन्हा होऊ शकतो. कंबर मोळीने दुखत होती, ती दुखतच राहते. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर तिशीतल्या बाईला एकाएकी साठीचं शरीर येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याच्या वेळचे बदल काही वर्षं आधी सुरू होऊ शकतात. काय काय काढलं हे कितीतरी जणींना माहीतच नसतं. कागद हातात दिलेला नसतो, नाहीतर तो कोपीत भिजून गेलेला असतो.

एक दार बंद केलं, दुसरं उघडलं का?

हे बीडपुरतंच आहे असं समजू नका. राजस्थान, बिहार, छत्तीसगड, आंध्र इथूनही अशाच बातम्या आल्या. राष्ट्रीय पाहणीत दिसलं की देशातल्या अशा दर तीन ऑपरेशनांपैकी दोन खाजगी दवाखान्यांत होतात. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. देश, राज्य, जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या हव्यात, खाजगी दवाखान्यांनीही आपल्याकडच्या ऑपरेशनांची माहिती द्यायला हवी, अशा त्या सूचना आहेत. बीडमध्ये तर २०१९ सालीच जिल्हा प्रशासनाने नियम केला की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची नाही.

नियम चांगला आहे, तो हवाच. पण विचार करा. बाई दुखणं घेऊन निघाली होती. आपण ऑपरेशनच्या दारावर पहारा बसवला. ती परत फिरली. कुठे परत फिरली? त्याच उपकेंद्रात, जिथे हिरवं पाकीट शिल्लक नाही, तपासायला आडोसा नाही, आणि तिच्या नावाचा कॉलम नाही. मग ती एकतर दुखणं अंगावर काढेल किंवा एसटीत बसून शेजारच्या जिल्ह्यात जाईल. ऑपरेशनांचा आकडा खाली आला म्हणजे बायका बऱ्या झाल्या, असं कुणी म्हणू लागलं तर मानू नका. ‘किती ऑपरेशनं रोखली?’ याबरोबर ‘किती बायकांवर उपचार केले?’ हेही आपण विचारलं पाहिजे.

हे होऊ शकतं का? आपल्या शेजारी बघा. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. इथून हाकेच्या अंतरावर, तुमच्यासारखाच दुष्काळी मुलूख. तिथे गावागावांतल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन गावाच्या आरोग्यसेविका केलं. पुढे देशभर आशा नेमल्या गेल्या त्यामागे अशा कामांचा अनुभव होता. बाई बाईला बोलते, विश्वासाने सांगते, आणि बोलणारीला औषधाची आणि डॉक्टरची पाठराखण असते. एवढं जुळलं की काम होतं. आपल्याकडे आशा आहे. पाठराखण कमी पडते.

आपण काय करायचं?

पहिलं, दवाखान्यात. कुणी पिशवी काढायला सांगितली तर पाच प्रश्न विचारायचे. मला नेमका आजार कोणता, त्याचं नाव कागदावर लिहून द्या. आधी औषधाने बरं करून पाहिलं का, किती दिवस? पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का, तिचं काय निघालं? फक्त पिशवी काढणार की बीजकोशही? आठ दिवस थांबलं तर काय बिघडेल? आठ दिवसांचं विचारलं की पुष्कळ गोष्टी उघड होतात. मग त्या आठ दिवसांत सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. एकटीने जायचं नाही, बरोबर आशाताई किंवा गटातली मैत्रीण हवी. आणि लक्षात ठेवा, २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली. खाजगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायला हवी. भिंतीवर नसली तर विचारायचं, ‘सनद कुठाय?’ आणि कागद आपले आहेत, ते मागून घ्यायचे.

दुसरं, गावात. येत्या १ मेच्या ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यावी लागते. ती कागदावर होऊ देऊ नका, घ्यायला लावा. ठराव असे करू. उपकेंद्रात पडदा, टेबल आणि उजेड हवा, त्यासाठी गावच्या आरोग्य समितीच्या निधीतून खर्च करा. आरोग्य केंद्रात महिन्यातून एक ठरलेला दिवस बाईडॉक्टर किंवा शिकलेली परिचारिका बायकांच्या तक्रारी तपासेल. हिरवी-पिवळी पाकिटं किती आली, किती वाटली, किती उरली हे फळ्यावर लिहा. तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी तोडणीला जायच्या आधी, म्हणजे भादव्यापर्यंत पुरी करा.

तिसरं, तोडणीवर. तुमची नोंद गावात आणि तुम्ही सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकात. कोपीजवळच्या उपकेंद्राला तुम्ही परक्या. कारखान्याच्या हद्दीत पाणी, संडास, न्हाणी, आणि पंधरवड्याला आरोग्य पथकाची फेरी ही मागणी उचलीच्या बोलणीच्या वेळी पुढे यायला हवी, आणि त्यातलं पहिलं कलम असायला हवं आजारपणाचा खाडा बंद. उचलीची बोलणी पुरुष करतात. कोयता दोघांचा असतो, तर बोलणीला दोघं का नकोत?

आणि ज्यांची पिशवी आधीच गेली आहे, त्यांनी आज जाण्याआधी सिस्टरांच्या टेबलापाशी थांबा. तुमचा इलाज संपलेला नाही. हाडांसाठी कॅल्शियम, रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी, वाफांवर उपाय, हे सगळं तुम्हाला हवं आहे. तुमच्या नावाची एक वेगळी यादी आज सुरू होते आहे. सरकारच्या रजिस्टरात कॉलम नाही तर आपण वही घालू. तिची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देऊ आणि दर तीन महिन्यांनी जाऊन विचारू की यातल्या किती जणींना तुम्ही तपासलं.

वही पुढच्या रांगेपासून फिरवायला देते आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव शेजारणीने लिहा. नाव, वय, गाव, काय काढलं, कागद आहे की नाही. जेवणं व्हायच्या आत ती वही माझ्याकडे परत आली पाहिजे.